रकाना सहावा

कोंडवाड्याच्या नोंदवहीत दहा रकाने.
पहिल्यात तारीख, दुसऱ्यात जनावर,
तिसऱ्यात सापडल्याची जागा:
घणसोली, सेक्टर नऊ, एटीएमसमोर.
म्हशीला तिथून काय काढायचं होतं
ते लिहायला जागा नाही.
सहावा रकाना: ओळखीची खूण.

म्हैस काळी. शिंगं मागे वळलेली.
डाव्या कानाच्या दोन चिरफळ्या,
त्यातला पिवळा बिल्ला गायब.
बारा आकडे कुणीतरी हिसडा मारून नेलेले,
आणि आकड्याशिवाय कॉम्प्युटर
कुणाच्याच म्हशीला ओळख देत नाही.

दुपारी रबाळ्याचा तबेलेवाला आला,
मोबाइल पुढं केला.
फोटोत म्हैस होती. काळी. मागे कडब्याचा ढीग.
त्या फोटोवर मीही दावा लावू शकलो असतो.
मला म्हैस नाही.

त्याच्यामागून पदीबाई मढवी,
गुडघ्यापर्यंत लुगडं,
छत्रीचं टोक थेट माझ्या टेबलावर:
"माजी हाय ती. मांडीवर बापाची उघारी हाय. बग."
मला ऐकू आलं, उधारी.
म्हटलं, आजी, उधारीचं इथं चालत नाही.
"उघारी रं! मिठागराची.
भरतीला पारायची, व्होटीला उचलायची.
बाप त्या दारावर व्हता."

मी मांडी पाहिली. केस, शेण, खाडीचा वाळका चिखल.
मग सेक्टर सातच्या सलूनमधून
दिलशाद आला, वस्तरा घेऊन.
पाणी मारलं, फेस केला,
नवरदेवाची करावी तशी हलक्या हातानं केली.
म्हैस रवंथ करत राहिली.
तबेलेवाला घड्याळ पाहत राहिला.

फेसाखालून ती वर आली.
एक गोल. गोलातून आडवी रेघ.

ग्रामपंचायत मोडली तेव्हा
तिची कागदपत्रं एका पत्र्याच्या पेटीत आमच्याकडे आली.
कुणी उघडली नव्हती. मी उघडली.
तळाला डागवही,
पानापानावर गावाची चित्रं:
उलटा कोयता, माशाचा काटा, तीन टिंबं,
एक नुसतीच वाकडी रेघ,
काढणाऱ्याचा हात हलला असावा.
प्रत्येकाशेजारी एक अंगठा, एक नाव.
चौदा नंबरला गोल, आडवी रेघ,
हसुराम कमळ्या भोईर.
"माजा बाप," पदीबाई म्हणाली.
"आंदनात म्हस दिलान, आनि डागनी."

हिशोब तिथंच संपायला हवा होता.
पण वही साठ वर्षांची, म्हैस पाच.
आणि गोलाची कड अजून गुलाबी.

कुणी डागली, असं मी विचारलं नाही.
माझ्या डोक्यावरच्या फळ्यावर
गेल्या महिन्याचं परिपत्रक होतं:
जनावराला डागणं गुन्हा आहे.
ती परिपत्रकाकडं पाहत नव्हती, वाचताही येत नसावं.
छत्रीच्या टोकाकडं पाहत बोलली,
"बिल्ला कानात. कान कापता येतो.
मांडी कोन कापील?"
मग जरा थांबून,
"ररली ती. मी पन."

लिहिलं डाग, तर म्हैस तिची
आणि गुन्हाही तिचा.
नाही लिहिलं, तर म्हैस फोटोतली.
पेन बराच वेळ सहाव्या रकान्यावर उभं राहिलं,
शाईचा एक ठिपका पडला.
त्या ठिपक्यापासूनच सुरुवात केली:
जन्मखूण. गोलाकार. उजवी मांडी.

तबेलेवाल्यानं वाकून वाचलं,
माझ्याकडं पाहिलं, म्हशीकडं पाहिलं,
मोबाइल खिशात घातला.

दंड, दोन दिवसांचा चारा.
पदीबाईनं कनवटीच्या नोटा मोजल्या,
एक मला परत मोजायला लावली, चिकटलेली होती.
दावं न लावताच निघाली,
म्हैस मागून, अर्धी मांडी तुळतुळीत.

दिलशाद अजून दारात.
"साहेब, दाढीचे पैसे कुणाकडून घेऊ?"
दहावा रकाना, शेरा:
खूण साफ करण्याचा खर्च, रुपये चाळीस.